पाठमोऱ्या नायकाचं पोस्टर

शनिवार, ११ जानेवारी २०२५. संध्याकाळी.

आजपासून रोज लिहायचं. कोणाला दाखवायला नाही, स्वतःसाठी. मोठे दिग्दर्शक लिहितात असं कुठेतरी वाचलंय.

आज कॉलेजचा पहिला दिवस. वसईतलंच कॉलेज, शनिवार-रविवारचा फिल्ममेकिंगचा कोर्स. ऑक्टोबरमध्ये औषध कंपनीच्या स्टोअर्समधून रिटायर झालो. निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले की दिनानाथ, आता तुमच्या आतल्या कलावंताला वेळ द्या. असं ते सगळ्यांनाच म्हणतात. मनावर घेणारा मी पहिलाच असेन.

वर्गात सगळी विशीतली मुलं. मी आत गेलो तर दोघं उठून उभी राहिली, गुड मॉर्निंग सर म्हणाली. बसा म्हटलं. मग खऱ्या मॅडम आल्या. रोवेना मॅडम. माझ्या मुलीपेक्षा लहान असतील. मला म्हणाल्या, पालक बाहेर बाकावर बसू शकतात. गैरसमज हसतखेळत दूर केला.

असाइनमेंट: चौघांच्या गटाने, न बनलेल्या सिनेमाचा दीड मिनिटाचा ट्रेलर आणि एक पोस्टर करायचं. १ मार्चला हॉलमध्ये सगळ्यांसमोर दाखवायचं. त्याआधी सिनेमाचे जॉनर आणि पोस्टरच्या पद्धती यांचा अभ्यास करून एक पान लिहून द्यायचं. एक पान. स्टोअर्समध्ये एका फुटलेल्या कार्टनवर मी याहून जास्त लिहिलेलं आहे.

माझा गट: शर्लिन, भुईगावची, कॅमेरा जमतो म्हणते. अल्पेश, पाचूबंदरचा, घरची बोट आहे, एडिटिंग करतो, फार बोलत नाही. तेजस्वी, आमच्याच एव्हरशाईन सिटीतली, तिला अभिनय करायचाय. दिग्दर्शक कोण, हा प्रश्न निघालाच नाही. मी तो निघू दिला नाही.

मुलं काका म्हणतात. 'सर' सुचवून पाहिलं. बरं काका, म्हणाली.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. बिस्किटं बंद. विचारल्याशिवाय कोणाला सल्ला द्यायचा नाही.

रविवार, १२ जानेवारी.

साडेसातला उठलो. रविवार धरायचा नसतो.

जयवंतीला सगळं सविस्तर सांगितलं. ती वालपापडी निवडत होती. मग आता रोज जाणार का, म्हणून विचारलं. फक्त शनिवार-रविवार म्हटल्यावर 'बरं' म्हणाली आणि शेंगांचं ताट जवळ ओढलं. दोन दिवस तरी मी घरी नसणार, याचं वाईट वाटलं असणार. बायकोची सवय लागते तशी नवऱ्याचीही लागते.

पापडी फार बारीक तोडते. सांगितलं.

मंगळवार, १४ जानेवारी. दुपारी.

तिळाचे लाडू खाल्ले. लाडू बिस्किटांत मोडत नाहीत.

अभ्यास जोरात. लॅपटॉपवर दिवसभर पोस्टर्स बघतोय. हॉररच्या पोस्टरवर दार अर्धं उघडं असतं. पूर्ण उघडं असेल तर सिनेमा कौटुंबिक. प्रेमकथेत दोघं पाठीला पाठ लावून उभे, हाताची घडी, मागे सगळं पांढरं. थ्रिलरमध्ये निम्मा चेहरा काळोखात. आणि जे सिनेमे परदेशात बक्षिसं मिळवतात त्यांच्या पोस्टरवर एक माणूस पाठमोरा उभा असतो. समोर समुद्र नाहीतर वाळवंट, बाकी जागा रिकामी, नाव मुंगीच्या अक्षरात. हा प्रकार मनात भरला.

शास्त्रीय चाचणी म्हणून नावं झाकून जयवंतीला पोस्टर्स दाखवली आणि प्रकार ओळखायला सांगितलं. तिने कुकरच्या शिट्या मोजता मोजता सगळे बरोबर ओळखले. त्यामुळे चाचणी रद्द केली, फार सोपी होती. पाठमोऱ्या माणसाचं पोस्टर मात्र हातात धरून बघत राहिली. म्हणाली, हा न सांगता घराबाहेर पडलाय, घरी कोणीतरी ताट झाकून बसलं असेल.

सामान्य प्रेक्षक पोस्टर कसं वाचतो याचा चांगला नमुना. टिपून ठेवलं.

शनिवार, १८ जानेवारी.

कँटीनमध्ये गटाची बैठक. शर्लिनला कॉमेडी करायचीय. तेजस्वीला हॉरर. अल्पेश म्हणाला, जे लवकर होईल ते. मी म्हटलं, घाई नको, आधी अभ्यास. शर्लिनने विचारलं की अभ्यास कधी संपेल. अशा प्रश्नांना उत्तर नसतं.

तेजस्वीचा मान राखायला आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये हॉरर घ्यावा असं सुचवलं. सेक्रेटरीला विचारलं. तो म्हणाला, लिफ्ट आधीच मध्ये अडकते, त्यात तुम्ही भुताचं नाव काढू नका. म्हणजे हॉरर बाद. निर्णय सर्वानुमते झाला असं मी लिहून ठेवलंय.

रविवार, २६ जानेवारी. सकाळी.

सोसायटीत झेंडावंदन करून थेट नाक्यावर, संशोधनाला.

वाढदिवसाचे बॅनर हीच आपल्या भागाची खरी पोस्टर्स, हे आजवर कोणाच्या लक्षात आलेलं नाही. पद्धत अगदी ठरलेली. मधोमध ज्याचा वाढदिवस तो. गॉगल, पांढरा शर्ट, मोबाइल कानाला. मागे सिंह किंवा ढग. खाली गोलांमध्ये शुभेच्छुक, जो जितका जवळचा तितका त्याचा गोल मोठा. थोडक्यात, पोस्टरवर जो मोठा तो नायक. बाकीचे आपापल्या गोलात.

फोटो काढत होतो तेवढ्यात एकाने खांद्यावर हात ठेवला. कोणाकडून आलात, विचारलं. अभ्यासासाठी म्हटलं तर त्याला मी इलेक्शनचा सर्व्हे करणारा वाटलो. टपरीवर नेऊन चहा पाजला, नंबर घेतला. आता त्याचा रोज सकाळी सुप्रभात येणार, हे उघड आहे.

पाचला उठण्याचा संकल्प सहावर आणला. सातला उठतो.

शनिवार, १ फेब्रुवारी.

अभ्यास मॅडमना सादर केला. स्पायरल बाइंडिंग, रंगीत मुखपृष्ठ, मागे सूची. मॅडमनी हातात घेऊन वजन बघितल्यासारखं केलं. एक पान सांगितलं होतं, म्हणाल्या. पहिलं पान एकच आहे, असं मी निदर्शनास आणलं. त्यांनी शेवटचं पान उघडलं आणि विचारलं, मग जॉनर कोणता ठरला?

तो प्रश्न अभ्यासाच्या कक्षेत नव्हता.

पण अडचणीतच माणसाला सुचतं. तिथल्या तिथे जाहीर केलं. गंभीर सामाजिक. नाव 'पाठमोरा'. गोष्ट: एक रिटायर झालेला, बुद्धिमान, संवेदनशील गृहस्थ. घरात त्याच्याशी कोणी बोलत नाही. बायको ताट समोर ठेवते आणि निघून जाते. तो समुद्रावर जाऊन उभा राहतो. पाठमोरा. संपलं.

अल्पेश, जो कधी बोलत नाही, तो म्हणाला, "मंग तो वळतो कधी?"

वळतच नाही, म्हटलं.

"मंग तो कोन आहे ते लोकांना कसं कळनार?"

पाचूबंदरला सगळं स्पष्ट लागतं. मासा कोणता, ताजा की बर्फातला. कलेत तसं नसतं. समजावून सांगितलं. त्याने मान हलवली, बहुतेक पटलं.

नायकाचं काम मीच करणार. या वयाचा दुसरा नट गटात नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी.

बायकोच्या भूमिकेत तेजस्वी, केसांना टाल्कम पावडर लावून, अशी माझी योजना होती. तेजस्वी म्हणाली, काका, मी वीस वर्षांची आहे. पावडरचा डबा दाखवला. ती उठून पाणी प्यायला गेली.

शर्लिन म्हणाली, काकूंनाच घेऊ या. मी म्हटलं, जयवंतीचा हा प्रांत नाही. लग्नाच्या फोटोतसुद्धा तिचे डोळे मिटलेत. कॅमेऱ्यासमोर ती घाबरेल, मग मला सगळं सोडून तिलाच सांभाळत बसावं लागेल. शर्लिनने माझ्याच मोबाइलवरून तिला फोन लावला, स्पीकरवर. वाटलं, हसण्यावारी नेईल. ती म्हणाली, तुम्ही घरी येणार की मी यायचं? आणि साडी कोणत्या रंगाची चालेल?

तिला घेतलं. फक्त हात दिसतील या अटीवर.

रविवार, ९ फेब्रुवारी.

घरी शूटिंग. आमचंच स्वयंपाकघर. मी टेबलाशी पेपर वाचत बसलेलो. बायको येते, ताट ठेवते, न बोलता जाते. एवढंच.

जयवंतीने विचारलं, ताट ठेवताना मी काय विचार करायचा? मी म्हटलं, विचार नाही करायचा, ताट ठेवायचं. शर्लिन म्हणाली, काकू, रोज जो करता तोच करा.

पहिल्या वेळी ताट ठेवलं आणि आमटीचा थेंब पेपरावर पडला म्हणून पुसायला थांबली. कट. दुसऱ्या वेळी ठीक, पण अल्पेशच्या मोबाइलवर घरून फोन आला. तिसऱ्या वेळी ताट ठेवलं आणि गेलीच नाही. समोरची खुर्ची ओढून बसली. मी पेपर वाचतोय. आणि ही अगदी सावकाश, भाजीचा भाव सांगावा तशी, म्हणाली:

"तुम्ही ऑफिसला जायचात तेव्हा साडेदहाला मी गॅलरीत बसून एकटी चहा प्यायचे. मुलगी शाळेत जायची तेव्हापासून. कोणाशी बोलायचं नाही, काही करायचं नाही. दिवसभरात तेवढंच. तुम्ही रिटायर झालात आणि पहिल्याच दिवशी साडेदहाला खुर्ची घेऊन तिथे आलात. म्हणालात, मलाही टाक अर्धा कप. तेव्हापासून तुम्ही मला रोज सांगता, चहात आलं जास्त झालंय."

मग उठली आणि ओट्याकडे गेली.

हे स्क्रिप्टमध्ये नव्हतं. मी कट म्हटलं, शर्लिनला ऐकू आलं नाही. तेजस्वी दाराशी उभी होती, तिने नाक ओढलं. सर्दी असावी. मी पेपर खाली केला नाही, भूमिका सोडली नाही. पण पेपरामागे माझा चेहरा उत्तम पडला होता. तो कॅमेऱ्यात आलाय की नाही, विचारायला हवं.

नवख्या कलाकारांचं हे असंच. मनचं बोलतात. एडिटिंगमध्ये काढता येईल.

बुधवार, १२ फेब्रुवारी.

गेले तीन दिवस साडेदहाला बाहेर असतो. कारण एवढंच की पोस्टर्सच्या निरीक्षणाला तो प्रकाश चांगला. इतर कशाशी संबंध नाही.

बागेत बसतो. बाकावर आणखी काही रिटायर लोक असतात. ते नुसते बसलेले असतात. माझं तसं नाही.

सव्वाअकराला घरी जातो. घाई कशाला.

जयवंती काही विचारत नाही. आज मात्र विचारलं, उद्याही जाणार आहात का बागेत? प्रकाशावर अवलंबून आहे, म्हटलं. बरं म्हणाली. चहात आलं खरंच जास्त असतं. बोललो नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी. रात्री, जेवण झाल्यावर.

भुईगावच्या किनाऱ्यावर शूटिंग. पोस्टरचा फोटो आणि ट्रेलरचा शेवट, दोन्ही आज. नायक, समुद्र, पोकळी.

रविवार असल्यामुळे पोकळी नव्हती. क्रिकेट, कुल्फी, सेल्फी. बरंच चालत सुरूच्या झाडांच्या टोकापर्यंत गेलो. अल्पेश म्हणाला, पानी आत्ता चढायला लागेल, लवकर उरका. उभा राहिलो. पाठमोरा. आत एकटेपण आणलं.

शेजारी कोणीतरी येऊन उभं राहिलं. हाफ पँट, हातात काठी. शर्लिनच्या शेजारचे बेनेडिक्ट अंकल. काय बघताय, विचारलं. शूटिंग चाललंय असं ओठ न हलवता सांगितलं. करा की, म्हणाले, आणि तिथेच उभे राहिले. मग कुठले तुम्ही? एव्हरशाईन म्हटल्यावर तिथे पाणी किती वेळ येतं याची चौकशी. शर्लिनने हाक मारून त्यांना बाजूला नेलं.

पुन्हा उभा राहिलो. आता एक बाई आल्या. रोझलीन आंटी, अंकलची बायको. त्यांनीच अंकलला पाठवलं होतं. घरातून बघत होत्या, की हा माणूस केव्हाचा समुद्राकडे तोंड करून उभा आहे, काही बरंवाईट तर नाही ना त्याच्या मनात. मला म्हणाल्या, घरी भांडण झालं का? जेवलात का? मी म्हटलं, मी दिग्दर्शक आहे. त्या म्हणाल्या, असू द्या, आधी चहा घ्या.

तोवर पाणी घोट्यापर्यंत आलं. चप्पल गेली. एकच शॉट मिळाला, त्यात मी वाकून चप्पल शोधतोय.

हे लोक एका माणसाला पाच मिनिटं एकटं उभं राहू देत नाहीत. एकटेपणाच्या सिनेमाला हे गाव अजिबात उपयोगाचं नाही. आंटींचा केक चांगला होता. तीन तुकडे. केकही बिस्किटांत येत नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी.

पोस्टर वेळेत हातात असावं म्हणून चप्पलवाल्याच फोटोवर काम सुरू केलं. स्टेशनजवळच्या फ्लेक्सवाल्या सोनूकडे गेलो. शिवजयंतीची गर्दी कालच संपलीय, आज तो मोकळा.

डिझाइन समजावलं. वाकलेला नायक, पोकळी, मुंगीची अक्षरं, वर दोन्ही बाजूंना पानांच्या डहाळ्या, मध्ये बक्षिसाची जागा रिकामी. बक्षीस मिळालं की भरता येईल.

सोनू स्क्रीनकडे बघत राहिला. चेहरा कुठाय, म्हणाला. चेहरा नाही, म्हटलं. मग लोकांना कळणार कसं कोणाचा वाढदिवस? वाढदिवस नाही, सिनेमा आहे. तो म्हणाला, काका, सिनेमा असू दे, पण माणूस असा वाकलेला बरा दिसत नाही, लोकांना वाटेल कंबर धरली.

संध्याकाळी फ्लेक्स आणायला गेलो. बिचाऱ्याने मनापासून केलं होतं. समुद्र जास्त निळा, वर दोन गरुड, आणि कोपऱ्यात गोलात माझा व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो, गॉगल चढवून. खाली 'शुभेच्छुक: समस्त मित्रपरिवार'.

गॉगल मला शोभतो, हे मात्र नव्यानेच कळलं. फ्लेक्स कपाटावर ठेवलाय.

शनिवार, २२ फेब्रुवारी.

अल्पेशने ट्रेलर कापून आणला. कॉलेजच्या लॅबमध्ये चौघांनी बघितला.

नाव 'साडेदहाचा चहा'.

मी म्हटलं, चुकून दुसऱ्या गटाची फाइल लागली. नाही. सुरुवातीला गॅस पेटवणारे हात. मग ताट. मग जयवंतीचं ते सगळं बोलणं, एक शब्दही न कापता. त्यावर माझे तुकडे पेरलेत: मी ओट्याशी उभं राहून पापडी कशी तोडावी सांगतोय, मी फ्रिज उघडून बंद करतोय, मी कुकरची शिट्टी मोजतोय. हे कधी घेतलं? शर्लिन म्हणाली, त्या दिवशी लाइट लावेपर्यंत कॅमेरा सुरूच होता. समुद्रावरचा मी पापणी लवेपर्यंत येतो, चप्पल शोधताना. आणि शेवटी गॅलरी, सकाळचं ऊन, जयवंती एकटी, हातात कप. एक घोट घेते. काळा पडदा.

हा गॅलरीचा शॉट घ्यायला शर्लिन मंगळवारी सकाळी घरी गेली होती. मी बागेत प्रकाश बघत होतो तेव्हा.

दिग्दर्शक या नात्याने हरकत घेतली. मतदान झालं. तिघं विरुद्ध मी.

मग पोस्टर. तेजस्वीने मोबाइलवरच केलंय. कपापासून केसांपर्यंत सगळीकडे जयवंती. मागे घराचं दार अर्धं उघडं आणि फटीत एक धूसर आकृती. निदान मला ठेवलंय, म्हटलं. तेजस्वी म्हणाली, काका, तो सिलिंडरवाला आहे, नेमका तेव्हाच आला.

शास्त्राच्या आधाराने बोललो. अर्धं उघडं दार हे हॉररचं चिन्ह, या पोस्टरमुळे प्रेक्षकांची दिशाभूल होईल. माझ्या अभ्यासात हे सविस्तर आहे. शर्लिन म्हणाली, आम्ही वाचलं ना काका, त्यातूनच घेतलं. काकू चहा पितायत आणि कोणत्याही क्षणी तुम्ही आत येऊ शकता.

माझा अभ्यास उपयोगी पडला, ही समाधानाची बाब.

शनिवार, १ मार्च.

हॉल भरलेला. ही मोरपिशी साडी नेसून आली. चौथ्या रांगेत बसलो. मी पाच मिनिटांचं मनोगत तयार ठेवलं होतं, 'पोस्टर: परंपरा आणि बंडखोरी'. त्यासाठी वेळ ठेवलेला नव्हता असं नंतर कळलं.

ट्रेलर लागला. मी फ्रिज उघडला तेव्हा लोक हसले. मी पापडीवर बोललो तेव्हा जास्त हसले. टायमिंग मला पहिल्यापासून आहे. मग जयवंती खुर्ची ओढून बसली आणि हॉलमधला आवाज कमी होत गेला.

त्या दिवशी मी पेपरकडे बघत होतो, स्क्रिप्टप्रमाणे. त्यामुळे बोलताना तिचा चेहरा कसा होता ते मला माहीत नव्हतं. पडद्यावर तो मोठा दिसतो. रागावलेली नाही. मला वाटलं होतं रागाने बोलली. माझ्याकडे बघतेय, पेपरकडे, आणि पेपर खाली होईल म्हणून वाट बघतेय. बराच वेळ बघते. मग उठते.

प्रोजेक्टर चांगला आहे कॉलेजचा.

बाजूला बघितलं. ही पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मी म्हटलं, बरी आली आहेस. ती म्हणाली, तुम्ही पेपर उलटा धरलाय.

मॅडमनी माइकवर गटाची नावं घेतली. अभिनय, जयवंती. कॅमेरा, शर्लिन. एडिटिंग, अल्पेश. पोस्टर, तेजस्वी. माझ्यापाशी थांबल्या, कागद बघितला, आणि संशोधन म्हणाल्या. टाळ्या पडल्या. मी उभा राहिलो तेव्हा लोक जयवंतीभोवती जमले होते, त्यामुळे कोणाला दिसलं नसावं. रोझलीन आंटीही आल्या होत्या. मला म्हणाल्या, चप्पल मिळाली का?

रविवार, २ मार्च.

दुसऱ्या गटाचा हृतिक घरी आला. त्यांचा ट्रेलर लाइटमुळे खराब झाला, मॅडमनी पुन्हा करायला सांगितलंय. हॉरर. केळीच्या वाडीत एक बाई राहते, वाट चुकलेल्यांना जेवायला वाढते आणि जेवलेला माणूस परत जात नाही. त्याला ती बाई हवीय. म्हणजे आमची ही.

जयवंती म्हणाली, विचारून सांगते. मी पेपर खाली केला आणि परवानगीचा चेहरा केला. तिने शर्लिनला फोन लावला.

जाताना हृतिकला म्हटलं, हॉररच्या पोस्टरचा माझा काही अभ्यास आहे, हवा असल्यास. तो म्हणाला, हो काका, नक्की. आणि बूट घालायला लागला.

गुरुवार, ६ मार्च.

जयवंती दुपारभर आरशासमोर हसून बघते. भुताचं हसू कसं असावं, याची प्रॅक्टिस. विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही हा संकल्प अजून शाबूत आहे. तिने विचारलं नाही.

साडेदहाला बागेत होतो. बाकावरच्या एकाने आज जागा करून दिली, म्हणाला, या, तुमची नेहमीची. अजून नेहमीची नाही, असं सांगणार होतो, पण बसलो.

रविवार, ९ मार्च. दुपारी. सांडोर.

हृतिकच्या मामाची केळीची वाडी. जयवंतीला स्कूटरवरून आणलं. युनिटचं वाहन म्हणून स्कूटर सोयीची, आणि अनुभवी माणूस जवळ असलेला बरा.

आल्या आल्या दिग्दर्शनात हृतिकला थोडी मदत करायला घेतली. तो म्हणाला, काका, तुमची स्कूटर फ्रेममध्ये येतेय, जरा मागे घ्या. घेतली. मग म्हणाला, काका, तुम्हीपण. मागे सरकलो. मग माझी सावली येत होती. मग मी खोकलो ते माइकमध्ये गेलं. असं करत करत आता वाडीच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला आहे. इथून केळीची पानं दिसतात. मध्येच आत सगळे हसतात ते ऐकू येतं. हॉररच्या शूटिंगला एवढं हसू नये, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं.

ही आत्ताच बाहेर येऊन गेली. केस मोकळे, तोंडाला पांढरा रंग. मी उठून उभा राहिलो. वाटलं, कुठेतरी अडलं असेल. तिला डिकीतला चष्मा हवा होता, संवाद पाठ करायचे आहेत म्हणून. काढून दिला. म्हणाली, इथे उशीर होईल, तुम्ही निघा, मला शर्लिन सोडेल. आमटी गरम करून घ्या.

मी म्हटलं, थांबतो की.

ती म्हणाली, "कशाला?"

मी डिकी बंद केली तोवर आतून हाक आली आणि ती गेली.

परत हाक आली. यावेळी मला. स्कूटर अजून दिसतेय म्हणतात.